शिरेत बसलेली गाठ

डोकं दुखायला लागलं ते हरितालिकेच्या दुसऱ्या दिवशी, अमरावतीहून अकोल्याला जाताना. नवरा गाडी चालवत होता, मागे मुलगी मोबाइल घेऊन बसली होती आणि डिकीत महालक्ष्म्यांचं सामान होतं. बडनेरा मागे पडलं तेव्हा मी म्हटलं, "डोकं जड झालंय." नवरा म्हणाला, "कालचा उपास हाय. पानी पे." मी बाटलीतून दोन घोट घेतले. आदल्या दिवशी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मी शाळेत मराठी शिकवते, आणि हरितालिकेच्या दिवशीही घसा कोरडा ठेवून सगळे तास घेतले होते. डोकं दुखणारच, असं मलाही वाटलं.

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. अकोल्याच्या घरी सासूबाई, दीर आणि जाऊ राहतात. आम्ही अमरावतीला, नवऱ्याचं कृषी केंद्र, बी-खताचं दुकान, तिथे आहे. पण महालक्ष्म्या उभ्या राहतात अकोल्यात आणि मोठी सून म्हणून त्यांना घरात आणायचा मान माझा. त्या तीन दिवसांत पाळी येऊन चालत नाही. कोणी असं तोंडाने म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. लग्न झाल्यापासून मी दर वर्षी तारखा पाहून गोळ्या घेत आले होते. मेडिकलवाल्याला पाकीट दाखवलं की तो कागदाच्या पुडीत बांधून देत असे. जाऊही घेत असे. कधी तिनं माझ्यासाठी आणाव्यात, कधी मी तिच्यासाठी.

त्या वर्षी माझ्या तारखेचं गणित बिघडलं. श्रावणात माहेरी, मोर्शीला, भावाच्या घराची वास्तुशांत होती. त्यासाठी गोळ्या सुरू केल्या, त्या मध्ये बंद केल्या असत्या तर ऐन हरितालिकेत पाळी आली असती. म्हणून चालूच ठेवल्या. कोणत्याही डॉक्टरला विचारलं नाही. अशा गोष्टीसाठी कोणी डॉक्टरकडे जातं, हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अकोल्यात डोकं थांबलं नाही. ऋषिपंचमीला मागच्या बाजूने असं ठणकत होतं की वाकलं की डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायचे. रांगोळी काढताना मला एका ठिपक्याचे दोन दिसत होते. मी डोळा चोळला, डोकेदुखीची गोळी घेतली आणि ती उलटीतून बाहेर पडली. जाऊ म्हणाली, "ताई, ॲसिडिटी असंन. थंड दूध घ्या." मी दूध घेतलं. भाद्रपदातलं ऊन, घरात सतत पेटलेली शेगडी, झोप नाही. कारणं इतकी होती की आणखी एखादं असेल अशी शंकाच आली नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळपासून मी आणि जाऊ स्वयंपाकघरात होतो. ती पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. तव्यावरची पोळी फुगली आणि मला ती उलटायची होती. मी जावेकडे हात केला आणि म्हटलं, "ते दे." "काय?" "ते... ते." मला उलथणं हवं होतं. ते समोर ओट्यावर दिसत होतं. त्याचं काम काय ते मला ठाऊक होतं. फक्त त्याला काय म्हणतात ते जिथे असायला हवं तिथे काहीच नव्हतं. मी हसले. जाऊही हसली. पोळी जळाली.

मग उजवा हात जड झाला, झोपेत अंगाखाली दबला की होतो तसा. मी तो झटकला आणि तुपाचं भांडं घेऊन बाहेर निघाले. बाहेर पंगत बसली होती. महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याची ताटं मांडलेली होती. माझ्या हातातून भांडं सुटलं एवढं मला आठवतं. तूप फरशीवर पसरताना मी पाहिलं. त्यानंतरचं सगळं मला जावेनं आणि नवऱ्यानं सांगितलेलं आहे.

मी महालक्ष्म्यांच्या समोरच कोसळले. माझं अंग ताठ झालं, मग उजवा हात, उजवा पाय झटके द्यायला लागले, मग सगळं शरीरच. तोंडातून घुमल्यासारखा आवाज निघत होता. पंगतीतल्या बायका उठल्या आणि क्षणभर कोणालाच काही कळेना. मग शेजारची एक म्हातारी ओरडली, "आल्या व माय! महालक्ष्म्या आल्या! कुकू लावा तिले, कुकू लावा!"

बायकांनी हात जोडले. कोणीतरी माझ्या कपाळावर मूठभर कुंकू लावलं. एकीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. ते झटके देणारे पाय दोघींनी धरले होते. कोणी विचारलं, "माय, काही चुकलं काय व आमचं? सांग न." जाऊ मला नंतर म्हणाली, "ताई, म्या भी हात जोडले होते. मले वाटलं, खरंच आल्या." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या जागी मी असते तर मीही जोडले असते.

सासूबाई मागच्या अंगणात होत्या. गलका ऐकून त्या आत आल्या. बायकांना बाजूला सारून माझ्याजवळ बसल्या, माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड स्वतःकडे वळवलं. माझी साडी ओली झाली होती. त्यांनी ते पाहिलं.

"सरका," त्या म्हणाल्या. "हे अंगात येनं नोय. इचं तोंड पाहा न, एकीकडेच चाललं."

"अवं, पन नैवेद्य व्हायचा हाय," ती म्हातारी म्हणाली. "अशी मधातून उठवू नोको तिले. कोप होईन."

"होऊ दे कोप. नैवेद्य राहू दे." मग त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, "गाडी काढ. उभा काहून हायेस? गाडी काढ!"

माझ्या सासूबाई देवभोळ्या. उंबऱ्यावरून आत येताना त्या रोज पाय धुतात. पूजा अर्धी सोडून, अंगणातल्या चपला घालून त्या घरभर धावल्या, असं जाऊ सांगते. मला ते दृश्य कितीदा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला तरी आणता येत नाही.

दवाखान्यात तातडीच्या विभागात मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा कपाळावरचं कुंकू घामात आणि तुपात भिजून भुवयांवरून डोळ्यांत, कानापर्यंत उतरलं होतं. तिथला तरुण डॉक्टर घाबरलाच. "कुठे पडल्या? डोकं फुटलंय का?" तो बोळ्यानं पुसत राहिला आणि जखम शोधत राहिला. सासूबाईंनी त्याचा हात धरला. "कुकू हाय ते, बाप्पा. रक्त नोय."

रक्त होतं, पण आत. पहिल्या स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव दिसला. नवऱ्याला वाटलं, बीपी वाढलं असेल. मेंदूच्या डॉक्टर आल्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांना ते पटेना. बाईंचं वय चाळीस, बीपी नाही, शुगर नाही, चार-पाच दिवस डोकं दुखतंय, आणि रक्त ज्या जागी दिसतंय ती नेहमीची जागा नाही.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत यांना?"

"कोन्त्याच नाई," नवरा म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

जाऊ मागे उभी होती. तिथे माझा नवरा, म्हणजे तिचे भासरे, आणि तिचा नवरा दोघेही होते. त्यांच्यासमोर पाळीचा विषय काढायचा कसा? ती मग डॉक्टरांच्या जवळ जाऊन कानात काहीतरी बोलली. डॉक्टर म्हणाल्या, "मोठ्यानं सांगा. किती दिवसांपासून?" तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. पाळी पुढे जायच्या गोळ्या. श्रावणापासून.

मला लगेच एमआरआयला नेलं. मग डॉक्टरांनी नवऱ्याला आणि दिराला खोलीत बोलावून समजावलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि तिथून परत आणणाऱ्या वेगळ्या. माझ्या परतीच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ बसली होती. मागे रक्त तुंबलं, आणि तुंबून तुंबून लहान शिरा फुटल्या. डोकेदुखी त्यामुळे, दोन-दोन दिसणं त्यामुळे, फिटही त्यामुळेच.

"आता उपाय म्हणजे रक्त पातळ करायची इंजेक्शनं," डॉक्टर म्हणाल्या.

माझा नवरा शांत माणूस आहे. दुकानात कोणी कितीही भांडलं तरी त्याचा आवाज चढत नाही. तिथे मात्र तो उठून उभा राहिला. "मॅडम, मेंदूत रक्त वाहून राहिलं म्हनता, आन वरून रक्त पातळ करता? तिले मारता काय?"

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मलाही असंच वाटलं असतं. पण शिरा फुटल्यात त्या गाठीमुळे. गाठ वाढत गेली तर आणखी फुटतील. सूज वाढली तर कवटी उघडावी लागेल. दोन्हीकडे धोका आहे. इंजेक्शन दिल्याने धोका कमी होतो, संपत नाही. काही होणारच नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही."

नवऱ्यानं सही केली. नंतर त्यानं मला एकदाच त्याबद्दल सांगितलं. म्हणाला, "सही करताना मले तुहं नाव आठवत नव्हतं. दोनदा कागदावर पाहिलं."

मला जाग आली ती छताकडे बघताना. पांढरं छत, त्यावर गोल दिवा. स्पिरिटचा वास. उजवा हात माझ्या शेजारी ठेवलेला होता, पण तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा. नर्स वाकून म्हणाली, "ताई, तुमचं नाव सांगा." मी तोंड उघडलं. मला नाव आहे हे मला माहीत होतं. ते मी हजारदा फळ्यावर, हजेरीत, प्रश्नपत्रिकेवर लिहिलं होतं. पण आत हात घालून चाचपावं आणि हाताला भिंतच लागावी, तसं झालं. तिनं पेन दाखवला. "हे काय?" मी पेनाकडे पाहिलं. घाम फुटला. इतकी घाबरले की कॉटच्या बाजूचं मशीन वाजायला लागलं.

मरणाची भीती असेल असं कोणालाही वाटेल. त्या वेळी मला मरण सुचलंही नाही. मला वाटत होतं की मी अशीच राहणार. सगळं कळणार आणि एक शब्दही बोलता येणार नाही. वर्षानुवर्षं ज्या मराठीवर माझं पोट होतं, ती कोणीतरी उपसून नेली होती.

मुलीला आत सोडलं. तेव्हा ती दहावीत होती. माझ्या पायाशी उभी राहिली, डोळे सुजलेले. मला तिला हाक मारायची होती. मी सगळा जोर लावला आणि म्हणाले, "वाटी."

ती हसली. मला वाटतं, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि ती मागे सरकली. एक पाऊल मागे. माझ्या मुलीला माझी भीती वाटली हे मी पाहिलं, आणि तेही मला सांगता आलं नाही.

आयसीयूत मला आणखी एक फिट आली. पोटावर टोचलेल्या इंजेक्शनांचे निळे-जांभळे डाग पडले. रोज सकाळी डॉक्टर येऊन टॉर्च डोळ्यांत मारत, हात दाबायला सांगत. दाराबाहेर नवरा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राही. कवटी उघडायची वेळ आली नाही. सूज हळूहळू उतरली.

एका दुपारी सासूबाई शेजारी बसल्या होत्या. तहान लागली होती. मी शब्द शोधला नाही. तो आपोआप बाहेर पडला. "मले पानी द्या."

सासूबाई पाणी द्यायचं विसरून बाहेर धावल्या. "बोलली! बोलली व माही सून!" मी वर्गात पोरांचं 'मले-तुले' दुरुस्त करणारी. 'मला' म्हणा, 'मला' लिहा. पण आधी परत आली ती लहानपणची बोली. मोर्शीच्या घरातली. शाळेतली मराठी मागाहून आली, ती अजूनही मध्येच दडी मारते.

दवाखान्यातून सुटून अमरावतीला आले तेव्हा सगळे म्हणाले, संकट टळलं. मला तसं कधीच वाटलं नाही. आधी भीती गोठण्याची होती, आता वाहण्याचीही झाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. फार पातळ झालं तर मेंदूत पुन्हा फुटेल, कमी पातळ झालं तर पुन्हा गोठेल. पालक-मेथीही बेताने खायची, कारण त्यानं गोळीचा असर बदलतो. मी विळी वापरणं सोडलं. दात घासताना थुंकीत लाल दिसलं की बेसिनशी उभी राहून वाट बघायची. खुर्चीचा कोपरा मांडीला लागला तर तळहाताएवढा काळा डाग. मुलगी विचारी, "आई, हे कधी झालं?" मी म्हणे, "जुनं आहे."

आणि पाळी आली. जी थांबवायला मी एवढी वर्षं गोळ्या गिळल्या, ती आता थांबेना. मी न्हाणीघरात बसले आणि उठता येईना. नवऱ्यानं दार ठोठावलं. दवाखान्यात न्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त पातळ करायच्या गोळीनं असं होतं. त्यावरही उपाय आहे, गर्भाशयात बसवायचं एक साधन. ते बसवलं. हे सगळं शांतपणे लिहितेय, पण त्या दिवसांत मी दर महिन्याला तारखेच्या आधी एक आठवडा जेवत नव्हते. भीतीनं घास उतरत नसे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? पाय सुजून, दम लागून?"

माय माझ्यासोबत आली होती, मला सांभाळायला मोर्शीहून येऊन राहिली होती. ती पटकन म्हणाली, "नाई बाप्पा. कोनी नाई."

डॉक्टर म्हणाल्या, "गोळी बऱ्याच जणी घेतात आणि त्यांना काही होत नाही. उपास, पाणी कमी, इतके दिवस गोळ्या, हे सगळं एकत्र आलं हे खरं. तरी मला वाटतं यांच्या रक्तातच काही असावं. आठवून सांगा."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माय आणि मी गॅलरीत संत्री सोलत बसलो होतो. तिनं एक फोड हातात धरली, खाल्ली नाही.

"तुही मावशी," ती म्हणाली.

मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. घरात एवढंच सांगत की ती बाळंतपणात गेली.

"बायंतपनात नोय गेली," माय म्हणाली. "बायंतपन चांगलं झालं होतं. सव्वा महिना होत आला होता. मंग तिचा एक पाय सुजला. केयीच्या खांबासारखा. लाल. आमाले वाटलं वात धरला. गरम तेलानं चोयला आमी. माय चोये, मी चोयो, शेजारच्या बाया चोयत. तिले बरं वाटे. एक दिवस सकायी पोराले पाजाले उठून बसली आन म्हने, दम लागून राह्यला. तेवढंच."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

माय संत्र्याच्या सालीकडे बघत राहिली. "पायाले तेल लावल्यानं मानूस मरते का व? तूच सांग."

पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली असावी, पण इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही, आणि चोळलं नसतं तरीही गेली असती कदाचित. मायला मी यातलं शेवटचंच वाक्य सांगितलं.

काही महिन्यांनी गोळी थोडे दिवस थांबवून, त्याऐवजी इंजेक्शनं देऊन, माझं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. रक्ताला नको तिथे गोठण्यापासून आवरणारा एक घटक असतो. माझ्यात तो जन्मापासून कमी आहे. गोळी आता आयुष्यभर. ऐकून मला धक्का बसला नाही. धक्का बसला पुढच्या वाक्यानं. "मुलीचंही तपासून घ्या."

मुलीनं स्वतः हात पुढे केला. रक्त काढताना ती सुईकडे बघत होती, मी भिंतीकडे. रिपोर्ट आला तेव्हा नवरा दुकानात होता. मी पाकीट उघडलं आणि आकडा पाहून रिपोर्ट पुन्हा पाकिटात घातला. ती शाळेतून येईपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहिले. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मले भी हाय न?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि हात-पाय धुवायला गेली. नळ फार वेळ वाहत राहिला.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना मी आणि जाऊ, दोघींनीही पाळीची गोळी घेतली नाही. जावेची पाळी दुसऱ्या दिवशी आली. ती सासूबाईंना सांगायला घाबरत होती, मला म्हणाली, "ताई, तुमीच सांगा." मी सांगितलं. सासूबाई देव्हाऱ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्यांजवळ नोको जाऊ म्हना. बाकी घरात राय, जेव, पंगतीत बस. आन कोनी गोई खाल्ली तं मले सांगा, मी पाह्यतो मंग तिच्याकडे." त्यांच्यासाठी ते किती होतं ते मला कळत होतं. नैवेद्य त्यांनी एकट्यांनी दाखवला. शेजारची ती म्हातारी आली नव्हती.

मुलीनं बारावीनंतर अकोल्यात कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि आजीकडे राहायला गेली. मी तिला सगळं शिकवून पाठवलं होतं. पाणी पीत राहा. एका जागी तासन् तास बसू नको. कोणत्याही डॉक्टरकडे गेलीस तर आधी हे सांग. मैत्रिणींनी कसलीही गोळी दिली तर घेऊ नको. ती "हो, हो" म्हणायची आणि फोन ठेवायची.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी, मी वर्गात असताना तिचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही. मी वर्गाबाहेर आले.

"आई, पोटरी दुखून राह्यली. उजवी."

"सुजली आहे का?"

"थोडीशी वाटते. माहीत नाई."

"चोळू नको," मी ओरडले. ओसरीत उभ्या असलेल्या दोन शिक्षिका माझ्याकडे बघायला लागल्या. "ऐकलं का? कोणाला पायाला हात लावू देऊ नको. झोपून राहा. मी येतेय."

नवरा मोर्शीकडे एका शेतकऱ्याच्या बागेत गेला होता, त्याचा फोन लागेना. मी हेडबाईंना सांगितलं न सांगितलं आणि स्टँडवर जाऊन अकोल्याची बस धरली. ती बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी खिडकीला डोकं लावून बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मावशी होती, जिचा चेहराही मला माहीत नाही. ती उठून बसते, पोराला जवळ घेते आणि म्हणते, दम लागून राह्यला. मी मुलीला सारखा फोन करत होते. "दम लागतो का? छातीत दुखतं का?" शेवटी ती म्हणाली, "आई, तू विचारलं का मंग मले दम लागते. बंद कर न." मी फोन मांडीवर ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं व बाई?" मला तिला उत्तर द्यायचं होतं आणि शब्द सापडेनात. पुन्हा तसंच. मी बोटांनी माझी पोटरी दाखवली. तिला काय कळणार?

घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी तिला उशीवर पाय ठेवून निजवलं होतं आणि दारातच बसल्या होत्या, पहाऱ्यावर असल्यासारख्या. "कोनाले शिवू देल्लं नाई," त्या मला म्हणाल्या.

दिरानं गाडी काढली. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर मशीन तिच्या मांडीपासून घोट्यापर्यंत फिरवत होते, मध्येच दाबत होते. पडद्यावर करड्या लाटा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एका जागी ते थांबले. पुन्हा दाबलं. माझे कान बंद झाले.

"शिरा मोकळ्या आहेत," ते म्हणाले. "गाठ नाही. स्नायू ओढला गेलाय. खेळते का ही?"

"कबड्डी," मुलगी म्हणाली.

मी भिंतीला टेकले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली.

दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर सोडायला आली, थोडी लंगडत. बाकड्यावर बसलो. ती म्हणाली, "आई, फोन कराच्या आधी मी तासभर विचार केला. तुले सांगू का नाई. सांगितलं तं तू अशी होते. नाई सांगितलं तं मीच तशी होते."

"सांगत जा," मी म्हणाले.

"किती वेळा? दरवेळी पाय दुखला का?"

"दरवेळी."

अमरावतीची गाडी यायची होती. समोर चणे-फुटाणेवाला कागदाचे कोन करत होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मले कधी लेकरू झालं तं?"

हे ती कधीतरी विचारणार, हे मला रिपोर्ट आल्या दिवसापासून माहीत होतं. मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. "पूर्ण नऊ महिने इंजेक्शनं घ्यायची. नंतरही काही आठवडे. होतं नीट. बऱ्याच जणींचं होतं."

"रोज?"

"रोज."

"कुठं टोचते?"

मी माझ्या पोटावर हात ठेवून दाखवलं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. गाडी लागली. मी चढले, खिडकीजवळची जागा मिळाली. ती खाली उभी राहून काहीतरी म्हणत होती, पण इंजिन सुरू झालं होतं. मी कानाला हात लावून विचारलं, काय? तिनं हातानंच सांगितलं, काही नाही, जा.

बस बाहेर पडेपर्यंत मी तिच्या पायांकडे बघत होते.